प्रदर्शन कसे मांडावे ?



स्नेहसंमेलनाच्या वेळी शाळेत प्रदर्शन भरवावयाचे ठरले, की तुमच्या उत्साहाला भरते येते. कोणी माळ्यावरून तांब्याचे घंगाळ उतरवितो, कोणी आजोबांचा अडकित्ता आणतो, कोणी पणजीच्या पेटीतील पैठणी आईची परवानगी न घेताच घेऊन येतो. दोन दिवसांत वर्गातील सारी मेजे भरून जातात, भिंती पुठ्ठ्यांनी झाकल्या जातात, आणि उद्घाटनाची फीत कापली की आपण कृतार्थ होतो. या उत्साहाचे मला कौतुकच आहे. परंतु या उत्साहाच्या भरात माझ्याच हातून एकदा जे घडले, ते प्रथम सांगितल्यावाचून मला या विषयावर लिहिण्याचा अधिकार नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालो होतो. 'आपल्या शहराचा भूतकाळ' या विषयावर आम्ही शाळेत प्रदर्शन भरविले. आठवीतील एका विद्यार्थ्याने घरून एक मोडी कागद आणला. कागद हातभर लांब, हातबनावटीचा, कडा किंचित झिजलेल्या; अक्षर मात्र काळेभोर. मला अतिशय आनंद झाला. कागद गुंडाळला जात होता, म्हणून आम्ही मैद्याची खळ करून तो पुठ्ठ्यावर चिकटविला आणि सर्वांना नीट दिसावा म्हणून पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवला. चार दिवस लोक येत होते, पाहत होते, 'वा !' म्हणत होते. पाचव्या दिवशी कागद सोडविण्यास गेलो, तो निघेना. ओल्या कापडाने सैल करावा म्हटले, तर शाई फुटली. अखेर तो तीन तुकड्यांत निघाला आणि त्याची पाठ पुठ्ठ्यालाच राहिली.

त्या मुलाचे आजोबा स्वतः शाळेत आले. रागावले नाहीत. तुकडे हातात घेऊन एवढेच म्हणाले, "मास्तर, याच्या पाठीवर आमच्या कोणा पूर्वजाचा शेरा होता. मला मोडी येत नाही. कोणाकडून तरी वाचून घ्यायचा राहिला होता."

तो शेरा काय होता, हे आता कोणालाही कधी कळणार नाही. शाळेपासून शंभर पावलांवर त्या काळीही झेरॉक्सचे दुकान होते. एका रुपयात दोन्ही बाजूंची प्रत मिळाली असती. तेवढे मला सुचले नाही, कारण प्रदर्शन म्हणजे वस्तू दाखविणे, एवढेच मी समजत होतो. वस्तू दाखविणाऱ्यावर दोन ऋणे असतात, हे मला ठाऊक नव्हते. पहिले ऋण पाहणाऱ्याचे: त्याला काही कळले पाहिजे. दुसरे ऋण वस्तूचे आणि तिच्या धन्याचे: ती जशी आली तशीच परत गेली पाहिजे. ही दोन्ही ऋणे एकाच वेळी कशी फेडावी, हाच प्रदर्शनशास्त्राचा गाभा होय.

आपल्या शहराचे भाग्य

हे शास्त्र शिकण्यास आपणा वडोदरेकरांना लांब जावे लागत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८७ मध्ये येथील वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला, आणि १८९४ मध्ये सयाजीबागेतील त्याची इमारत उभी राहिली. १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना झाली. त्याच्या उभारणीसाठी महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे बोलाविले होते. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरविणारी फिरती ग्रंथालये या राज्यात सुरू झाली, त्याचप्रमाणे ग्रंथालय खात्याने 'दृक्‌शिक्षण' नावाची एक शाखाही चालविली. मॅजिक लँटर्नच्या काचा, चलच्चित्रे आणि दुहेरी भिंगांतून पाहावयाची छायाचित्रे घेऊन या शाखेची माणसे खेडोपाडी जात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जग दाखविता आले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. पुढे १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. हजारो हस्तलिखितांचा सांभाळ तेथे होतो. आणि १९५२ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र हा विषयच शिकविला जाऊ लागला. अशा शहरातील शाळेने खळ लावून कागद चिकटवावा, यापरते दुर्दैव कोणते ?

सयाजीबागेतील संग्रहालयाच्या चित्रशाळेची हकीकतही बोधप्रद आहे. तिचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९१४ मध्ये संपले. परंतु ती खुली झाली १९२१ मध्ये. मधल्या काळात महायुद्ध पेटले होते आणि युरोपातून यावयाची चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत. राजाच्या चित्रशाळेलाही वस्तूंसाठी थांबावे लागले. प्रदर्शनाची तारीख आधी ठरवून मग वस्तूंमागे धावणाऱ्या आपल्या समित्यांनी हे ध्यानात ठेवावे. आधी वस्तू हाती याव्या, मग दिवस ठरावा.

ग्रंथ, कागद आणि वस्तू

ग्रंथालय, अभिलेखागार आणि वस्तुसंग्रहालय या तिन्ही ठिकाणी प्रदर्शने भरतात. तथापि तिन्हींच्या अडचणी सारख्या नाहीत.

वस्तू बहुधा डोळ्यांशी बोलते. सयाजीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. त्याच्यापुढे लहान मूलही आपोआप थबकते. त्याला पाटी वाचण्याची गरज नसते. इजिप्तमधील ममीपुढेही तसेच होते. पण याच संग्रहालयात अकोटा येथे १९५१ मध्ये सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. अकोटा म्हणजे आपल्या शहरालगतचे जुने गाव. आज ते शहरातच मिसळले आहे. या मूर्ती पश्चिम भारतातील प्राचीन धातुकलेचा अमोल ठेवा मानल्या जातात. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांवर ग्रंथ लिहिला, तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जीवंतस्वामींची मूर्ती पाहा: महावीर ध्यानस्थ उभे आहेत, पण अंगावर राजपुत्राची आभूषणे आहेत आणि मस्तकी मुकुट. संसारात असतानाच विरक्त झालेला हा राजपुत्र जो एकदा समजून घेईल, तो त्या मूर्तीपुढून लवकर हलणार नाही. परंतु या मूर्ती बहुतेक लहान आहेत. देवमाशाकडे धावणाऱ्या मुलाला त्या दिसाव्या कशा ? येथेच मांडणाऱ्याचे काम सुरू होते. लहान वस्तूला डोळ्यांच्या पातळीवर आणावे, तिच्याभोवती मोकळी जागा सोडावी, तिच्यामागे साधा रंग ठेवावा, आणि तिच्या शेजारी मोठे व झगमगीत असे काही ठेवू नये. मोठ्या वस्तूला जागा लागते. लहान वस्तूला त्याहून अधिक, म्हणजे एकांत लागतो.

ग्रंथाची अडचण निराळी. तीनशे पानांचा ग्रंथ काचेच्या पेटीत ठेवला, की त्याची दोनच पाने दिसतात. उरलेली दोनशे अठ्ठ्याण्णव मुकी होतात. म्हणून ग्रंथ मांडण्यापूर्वी, 'याची कोणती दोन पाने दाखवावयाची आणि का ?' हा प्रश्न सोडवावा लागतो. मुखपृष्ठच दाखविणे हा आळस होय. एखाद्या जुन्या पाठ्यपुस्तकात समासात कोणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने काढलेले चित्र असेल, तर कदाचित तेच पान उघडावे. इतर पानांची छायाचित्रे शेजारी लावावी. शिवाय ग्रंथ सपाट उघडून ठेवू नये. त्याने पाठीची शिवण उसवते. आपल्या पूर्वजांनी पोथीसाठी लाकडी ठवणी वापरली, तीत हे शहाणपण होते: पोथी अर्धवट उघडी राहते आणि दोन्ही बाजूंनी तिला आधार मिळतो. जाड पुठ्ठ्याची तशीच ठवणी तुम्हाला तासाभरात करता येईल.

तिसरा प्रकार जुन्या कागदपत्रांचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. असा एखादा कागद बाहेर काढून मांडला, तर पाहणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांना त्यातील एक अक्षरही लागत नाही. त्यांना तो नक्षीसारखा दिसतो. म्हणून कागदाबरोबर त्यातील एक महत्त्वाची ओळ बालबोध लिपीत उतरवून द्यावी, खाली तिचा आजच्या भाषेत अर्थ द्यावा, आणि मूळ कागदात ती ओळ नेमकी कोठे आहे हे छायाचित्रावर खूण करून दाखवावे. खूण मूळ कागदावर कदापि करू नये. पाहणारा त्या ओळीतील एखादे अक्षर स्वतः ओळखतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो पाहण्यासाठी एवढे कष्ट घ्यावे.

एका वाक्यात विषय

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. समजा, तुम्ही यंदा 'जुन्या वस्तू' असे प्रदर्शन भरविणार आहात. हा विषयच नव्हे. जुनी वस्तू तर उकिरड्यावरही असते. विषय एका पूर्ण वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि त्या वाक्यात क्रियापद असले पाहिजे. उदाहरणार्थ: 'देशाने दशमान मापे स्वीकारली, तेव्हा प्रत्येक घरचा बाजारहाट बदलला.' या वाक्याबरोबर प्रदर्शनाला नावही सुचते: 'शेरापासून किलोपर्यंत'. आता कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती सोडावी, हे ते वाक्यच सांगेल. वजने, मापटी, तराजू, जुनी बिले, जुनी नाणी, अंकगणिताची जुनी पुस्तके, हे सारे आत येईल. घंगाळ कितीही सुंदर असले, तरी ते बाहेर राहील.

घंगाळ आणणाऱ्या मित्राला वाईट वाटेल खरे. पण वस्तू नाकारता येणे हाच मांडणाऱ्याचा पहिला गुण आहे. साठ वस्तू जमल्या, तर वीस मांडाव्या. पाहणाऱ्याचे लक्ष ही मोजकी शिधासामग्री आहे. साठांत वाटली, तर कोणाच्याच वाट्याला घास येत नाही.

वस्तू थोरच असली पाहिजे, असेही नाही. अमेरिकेतील नेवार्क येथे जॉन कॉटन डेना नावाचे ग्रंथपाल होते. त्यांनी १९०९ मध्ये तेथे वस्तुसंग्रहालय काढले, आणि १९२८-२९ च्या सुमारास बाजारात अगदी थोड्या सेंटांना मिळणाऱ्या, परंतु चांगल्या घडणीच्या रोजच्या वस्तूंचे प्रदर्शन भरविले. स्वस्त वस्तूही नीट पाहिली तर सुंदर असू शकते, हे त्यांना दाखवावयाचे होते. आपल्या घरातील लोखंडी वजन हे तशाच प्रकारचे द्रव्य आहे.

विषय ठरल्यावर अभ्यास करावा. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत असत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. पुढे १९६४ मध्ये 'नवा' हा शब्द गळाला आणि नुसता पैसा राहिला. वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. पुस्तकात शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, आणि मण चाळीस शेरांचा, म्हणजे सुमारे ३७ किलो ३२० ग्रॅमचा दिलेला असतो. परंतु आपल्या गुजरातेत धान्याच्या बाजारात शेतकरी आजही मणाचा भाव बोलतो, तो वीस किलोंच्या मणाचा. मग खरा मण कोणता ? दोन्ही खरे, कारण जुना शेर मुलुखागणिक वेगळा होता. हा गोंधळ दूर करण्यासाठीच तर साऱ्या देशाला एक माप हवे होते ! पाहा, एका साध्या प्रश्नातून प्रदर्शनाला प्राण मिळाला. अभ्यासावाचून तो मिळाला नसता.

पाटी कशी लिहावी

वस्तूखालची पाटी हे प्रदर्शनाचे तोंड होय. आपल्याकडे पाट्या दोन प्रकारच्या असतात: 'जुने वजन' अशी दोन शब्दांची, किंवा निबंधाएवढी लांब. दोन्ही निरुपयोगी आहेत. पाहणारा उभा असतो, मागून दुसरा येत असतो; तो पन्नास-साठ शब्दांहून अधिक वाचणार नाही. तेवढ्यात वस्तूकडे पुन्हा पाहावेसे वाटेल असे काही सांगितले पाहिजे. उदाहरण घ्या:

'शेर. हे लोखंडी वजन काट्यावर ठेवले, तेव्हा ९३० ग्रॅम भरले. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा असावयास हवा. उरलेले तीन ग्रॅम कोठे गेले ? वजनाचा तळ पाहा: वापरून तो झिजला आहे. वजनाची मधूनमधून तपासणी का करावी लागे, ते यावरून कळेल.'

ही पाटी वाचून मनुष्य तळ पाहण्यासाठी वाकतो. तेथे पाटीचे काम झाले. मात्र पाटीवरील प्रत्येक आकडा तुम्ही स्वतः ताडून पाहिलेला असावा. या उदाहरणातील आकडा केवळ नमुन्यादाखल आहे. तुमचे वजन तुम्हीच काट्यावर ठेवा आणि जे भरेल तेच लिहा. 'असे म्हणतात', 'फार प्राचीन', 'अत्यंत दुर्मिळ' हे शब्द पाटीवर नसावे.

अक्षर ठळक व साधे असावे. हातभर अंतरावरून आजीला चष्म्यावाचून न वाचता आले, तरी चष्म्यातून सहज वाचता यावे. पांढऱ्यावर काळे अक्षर सर्वांत सोपे. आणखी एक गोष्ट आपल्या शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपण मराठीतून शिकतो. पण आपला शेजारी, आपला दुकानदार आणि आपला जिवलग मित्रही बहुधा गुजराती बोलतो. पाटी दोन्ही भाषांत असावी. ज्याच्या आजोबांनी तराजू दिला, त्यालाच पाटी वाचता येऊ नये, हे सौजन्याला धरून नाही.

खोली आणि उजेड

मेजे हलविण्यापूर्वी खोली मोजा आणि आलेखाच्या कागदावर तिचा नकाशा काढा. मेजांच्या आकाराचे कागदी तुकडे कापून ते नकाशावर सरकवून पाहा. कागद हलविणे सोपे, मेज हलविणे कष्टाचे. वाट निदान दीड मीटर रुंद ठेवा, म्हणजे एक जण पाहत असता दुसरा मागून जाऊ शकेल आणि चाकांच्या खुर्चीतून आलेल्या पाहुण्यालाही अडचण होणार नाही. भिंतीवरील चित्राचा मध्य मोठ्यांसाठी जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असावा. पाचवी-सहावीतील मुले अधिक येणार असतील, तर त्याहून खाली. मांडणी झाल्यावर तुमच्यातील सर्वांत लहान मुलाला वाटेने चालावयास लावा आणि काय दिसले ते विचारा.

उजेडाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझा अपराध निम्मा तेथेच होता. उजेडाने कागद पिवळा व ठिसूळ होतो, कापडाचा रंग उडतो, छायाचित्र फिके पडते. ही हानी हळूहळू होते, दिसत नाही, आणि एकदा झाली की भरून येत नाही. उजेड मोजण्याचे माप 'लक्स' हे आहे. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर साधारण एक लक्स उजेड पडतो. कागद, वस्त्रे, जलरंगातील चित्रे यांच्यावर पन्नास लक्सहून अधिक उजेड नसावा, आणि तैलचित्रांवर सुमारे दोनशे लक्सपर्यंत असावा, असा संग्रहालयांचा दंडक आहे. भर दुपारच्या उन्हात हे प्रमाण एक लाख लक्सपर्यंत जाते.

आता गणित करा. हानी उजेडाच्या तीव्रतेवर तशीच वेळेवरही अवलंबून असते. म्हणून लक्सला तासांनी गुणावे. पन्नास लक्समध्ये, रोज आठ तास, नव्वद दिवस एखादे पत्र मांडले, तर ५० × ८ × ९० म्हणजे ३६,००० होतात. तेच पत्र उन्हात केवळ एक तास ठेवले, तर १,००,००० होतात. म्हणजे संग्रहालयातील तीन महिन्यांच्या प्रदर्शनात जेवढा उजेड पत्राला लागत नाही, त्याच्या जवळजवळ तिप्पट उजेड खिडकीतील एका तासाच्या कडक उन्हाने लागतो ! शिवाय उन्हातील अतिनील किरण अधिक घातक असतात ते निराळेच. यावरून ध्यानात येईल, की दाखविणे म्हणजे वस्तूचे आयुष्य थोडेथोडे खर्च करणे होय. ते खर्च करू नये असे नाही. पेटीत कुजणाऱ्या पत्राचा कोणाला उपयोग? पण खर्च जाणून-बुजून करावा आणि हिशेब ठेवावा. मोठी अभिलेखागारे काही महिन्यांनी मांडलेले कागद बदलतात, ते याच कारणाने. आपण तर मूळ कागदाऐवजी छायाचित्र किंवा प्रत मांडावी आणि मूळ कागद एखाद्या तासापुरता, सावलीत, शिक्षकांच्या देखत दाखवावा. पडदे ओढावे, दिव्याचा झोत वस्तूवर न टाकता छताकडे वळवावा.

जुन्या मोडी कागदांवरील काजळाची शाई उन्हाने सहसा उडत नाही. पाण्याने मात्र ती फुटते. म्हणून ओले कापड, डिंक, खळ आणि चिकटपट्टी या चार गोष्टी जुन्या कागदाजवळ येऊ देऊ नये. कागद उभा करावयाचा असेल, तर पुठ्ठ्यावर कागदाचेच चार त्रिकोणी कोपरे लावून त्यांत तो अलगद बसवावा. टाचण्याही नकोत, त्या गंजतात. हात धुऊन, पुसून, कोरडे करून मगच कागद उचलावा.

उसनवारीची वही

वस्तू स्वीकारताना एक वही घालावी. तीत वस्तूचे नाव, लांबी-रुंदी, आजची स्थिती, आणणाऱ्याचे नाव, घरातील वडीलधाऱ्यांची सही आणि परत करण्याचा दिनांक लिहावा. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. 'दोन्ही बाजूंचे' हे शब्द मी मुद्दाम लिहितो. एक पावती घरी पाठवावी, आणि वस्तू परत देताना तीच वही पुढे ठेवून, 'जशी दिली तशी मिळाली' अशी सही घ्यावी. आईला न विचारता आणलेली पैठणी कितीही मनोहर असली, तरी स्वीकारू नये.

प्रदर्शन खुले झाले, की समितीतील दोघांनी कोपऱ्यात उभे राहून नुसते पाहावे. लोक कोठे थांबतात ? कोठून वळतात ? कोणती पाटी वाचतात ? कोणता प्रश्न तीनदा विचारला गेला ? हे टिपून ठेवावे. ज्या मेजापुढे कोणी थांबत नाही, तेथील दोष पाहणाऱ्याचा नसतो. रात्री ते मेज पुन्हा मांडावे. घरातील वृद्ध मंडळी आली, तर त्यांना घाई करू नये. पुष्कळदा ती वस्तूविषयी तुमच्या पाटीहून अधिक सांगतात, आणि ते लिहून घेणारा विद्यार्थी त्या दिवसाचा खरा संशोधक असतो.

शेवटी एक सांगून लेख पुरा करतो. गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी एक विद्यार्थिनी घरून मोडी कागद घेऊन आली. आम्ही त्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली, मूळ कागद कोरड्या पुठ्ठ्याच्या घडीत ठेवून त्याच दिवशी तिच्या वडिलांच्या हाती परत दिला आणि छायाचित्र मांडले. तिसऱ्या दिवशी मोडी जाणणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आले. त्यांनी पुढचा मजकूर वाचला, मग पाठीचा वाचला. पाठीवर मुद्दाम सांगावे असे काही नव्हते: कागद कोणत्या दिवशी पोहोचला, एवढाच शेरा होता. मुलीने तो दिवस आपल्या वहीत उतरवून घेतला आणि घरी जाऊन आजीला वाचून दाखविला.

तो त्यांच्या घरात आता कायमचा राहील. ज्या घरचा शेरा माझ्यामुळे गेला, त्या आजोबांना मी हे सांगू शकलो नाही; ते पुष्कळ वर्षांपूर्वीच निवर्तले. म्हणून तुम्हाला सांगितले. यंदाच्या प्रदर्शनाची तयारी तुम्ही सुरू केली आहेच. वही आधी घाला, मेजे मग हलवा.